फुप्फुसाच्या कॅन्सरची पुढची औषधं: खरंच काय येतंय, आणि चिपळूण-कुडाळकडे बसून काय तयारी ठेवायची?

वाशिष्ठीकाठ यांचा प्रश्न

चिपळूणला जनरल प्रॅक्टिशनर, फार्मासिस्ट आणि आरोग्य केंद्रांतले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मिळून एक बैठक ठरते आहे. विषय फुप्फुसाच्या कॅन्सरच्या औषधांचं पुढे काय होणार हा. पेपरात दर आठवड्याला एक रामबाण येतो आणि पुन्हा त्याचं नाव ऐकू येत नाही. त्यामुळे मला कोरडी माहिती हवी आहे: कुठल्या दिशांमध्ये खरा दम आहे, चाचण्यांमध्ये औषधं का आपटतात, आणि इथला रुग्ण नव्या औषधाला किंवा ट्रायलला अपात्र ठरू नये म्हणून तालुक्याच्या पातळीवर काय सांभाळायचं. 'लवकर निदान करा' हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून सांगा.

---

कातळशिल्प

'फुप्फुसाच्या कॅन्सरचं औषध' असं एकच एक काही येणार नाही, हे बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. सुमारे ८५ टक्के रुग्ण नॉन-स्मॉल सेल गटात येतात. त्यातल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे आता जीननुसार तुकडे पडलेत. आपल्याकडच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात पाव ते एक तृतीयांश रुग्णांत ईजीएफआर या जीनचं म्युटेशन (बदल) सापडतं, पाचेक टक्क्यांत एएलके, आणि मग रॉस१, मेट, रेट, हर२, केरास असे छोटे छोटे गट. येणारं प्रत्येक औषध यातल्या एखाद्या तुकड्यासाठी असतं. बातमीत तो तुकडा गाळला जातो, तिथेच घोटाळा होतो.

सध्याचं बरंचसं संशोधन रेझिस्टन्सभोवती, म्हणजे कॅन्सर औषधाला दाद देईनासा होतो त्याभोवती, फिरतंय. ईजीएफआरचंच घ्या. जेफिटिनिब, एर्लोटिनिब या गोळ्या ही पहिली पिढी. त्यावर साधारण वर्षभरात आजार पुन्हा वाढायचा आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत टी७९०एम हा बदल सापडायचा. ओसिमर्टिनिब या पुढच्या पिढीच्या गोळीने तो अडवला, कारण ते प्रथिनाच्या ७९७ क्रमांकावरच्या सिस्टीनला कायमचं चिकटतं. मग कॅन्सरने तो सिस्टीनच बदलला (सी७९७एस), किंवा मेटची वाट धरली, किंवा काही जणांत ट्यूमरने चक्क स्मॉल सेलचं रूप घेतलं. चौथ्या पिढीच्या गोळ्या सी७९७एस साठी बनताहेत, पण त्यातल्या काही मध्येच बंद पडल्या. कारण सरळ आहे: ओसिमर्टिनिबनंतरच्या रेझिस्टन्समध्ये सी७९७एस हा एक वाटेकरी आहे, एकमेव नाही.

म्हणून हल्ली पहिल्याच दिवसापासून दोन औषधं जोडण्याकडे कल आहे. फ्लॉरा-२ चाचणीत ओसिमर्टिनिबला पेमेट्रेक्सेड आणि प्लॅटिनम या केमोची जोड दिल्यावर आजार न वाढता गेलेला काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर गेला, आणि एकूण आयुष्य ३७.६ वरून ४७.५ महिन्यांवर. मॅरिपोसा चाचणीत अ‍ॅमिव्हँटमॅब आणि लॅझरटिनिब यांची जोडी ओसिमर्टिनिबपेक्षा सरस ठरली, पण पुरळ, नखांभोवती सूज आणि रक्ताच्या गुठळ्या यांचं प्रमाण बरंच वाढलं. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. हीच कल्पना स्वस्तातल्या गोळीवर टाटा मेमोरियलने आधीच तपासली होती. जेफिटिनिबला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची जोड, ३५० रुग्ण, निकाल २०२० मध्ये छापून आला: आजार न वाढता गेलेला काळ ८ महिन्यांच्या जागी १६. गंभीर दुष्परिणाम दुप्पट झाले, हेही त्याच निकालात आहे. ज्याला ओसिमर्टिनिब परवडत नाही त्याच्यासाठी हा आजही खरा पर्याय आहे, आणि माझ्या मते जिल्ह्याच्या पातळीवर तो जितका वापरला जायला हवा तितका जात नाही.

केरासची गोष्ट वेगळी. त्या प्रथिनावर औषधाला धरायला जागाच नाही, असं तीन दशकं मानलं गेलं. २०१३ मध्ये जी१२सी या म्युटेशनजवळ एक लपलेला खिसा सापडला आणि २०२१ मध्ये सोटोरासिब अमेरिकेत मंजूर झालं. ते प्रथिनाला 'बंद' अवस्थेत पकडून ठेवतं. आता 'चालू' अवस्थेतल्या रासला (केरास याच कुटुंबातलं) धरणारी औषधं येताहेत. त्यातलं डॅराक्सोनरासिब जी१२सी पुरतं मर्यादित नाही, ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत आहे. माझी पैज लावायची झाली तर पुढच्या पाच वर्षांसाठी मी इथे लावीन.

अँटिबॉडीला केमोचा रेणू जोडलेली औषधं, म्हणजे एडीसी, ही दुसरी मोठी दिशा. हर२ म्युटेशनसाठी ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान आहे, ईजीएफआर गटात आधीचे उपचार थकल्यावर डॅटोपोटामॅब डेरुक्स्टेकानला २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. जोडणारा दुवा रक्तात थोडा आधी तुटला की केमो नको तिथे पोचते, सगळी मेख त्या दुव्यात आहे. डेरुक्स्टेकान गटात फुप्फुसालाच सूज येते. म्हणूनच हर२ म्युटेशनच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ६.४ ऐवजी ५.४ मिलिग्रॅम प्रतिकिलो हा डोस ठरला: परिणाम तेवढाच, सूज कमी.

स्मॉल सेलमध्ये कित्येक वर्षं काही हललं नव्हतं. टारलाटमॅब हे नवं औषध एका हाताने ट्यूमरवरचं डीएलएल३ हे प्रथिन आणि दुसऱ्या हाताने शरीराची टी-पेशी (प्रतिकारपेशी) धरतं. पहिले उपचार निकामी ठरल्यावर केमोशी तुलना केली तेव्हा एकूण आयुष्यात केमोचे ८.३ विरुद्ध टारलाटमॅबचे १३.६ महिने असा फरक दिसला. पण पहिले दोन डोस दिल्यावर २२ ते २४ तास देखरेख लागते आणि एकूण ४८ तास सुसज्ज रुग्णालयापासून तासाभराच्या आत राहावं लागतं. ताप, रक्तदाब कोसळणं, ऑक्सिजन उतरणं, हे सगळं त्याच काळात होतं. आंबोलीहून किंवा गुहागरहून येऊन-जाऊन हे जमणार नाही. राहण्याची सोय आधी, औषध नंतर.

चाचण्यांत औषधं का आपटतात: पहिल्या टप्प्यात शिरलेल्या कॅन्सरच्या शंभर औषधांपैकी पाचेकच मंजुरीपर्यंत पोचतात. मोबोसर्टिनिब २०२१ मध्ये घाईच्या मंजुरीवर बाजारात आलं, पण खऱ्या तुलनेत केमोपेक्षा सरस ठरलं नाही आणि २०२३ मध्ये मागे घ्यावं लागलं. टिजिट (प्रतिकारपेशींवरचा एक ब्रेक) अडवणाऱ्या औषधांचंही तसंच, दुसऱ्या टप्प्यात चमकली आणि तिसऱ्यात पडली. छोट्या चाचणीत नशीब आणि निवडलेले रुग्ण, दोन्ही मदतीला असतात. इव्होनेस्किमॅबने चीनमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या प्रचलित इम्युनोथेरपीवर (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) मात केली (११.१ विरुद्ध ५.८ महिने), पण तो आजार न वाढण्याचा काळ आहे आणि सगळे रुग्ण एकाच देशातले. बातमी वाचताना हे दोन प्रश्न विचारायचे: आयुष्य वाढलं की नुसता स्कॅन सुधारला, आणि तुलना कशाशी केली.

---

देवगडचा आंबा

एमआरएनए लस येतेय म्हणतात, प्रत्येकाच्या ट्यूमरप्रमाणे बनवलेली. मग दोन वर्षं थांबून तीच घेतली तर?

---

कातळशिल्प

@देवगडचा आंबा, आजार थांबत नाही हो. शिवाय ती लस उपचाराऐवजी घ्यायची नाहीच. फुप्फुसाच्या कॅन्सरमधली मोठी चाचणी ऑपरेशन झालेल्यांवर, पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीला चालू आहे. ट्यूमर काढायचा, त्याचं सिक्वेन्सिंग करायचं, ३४ पर्यंत बदल निवडायचे आणि त्यावरून एका माणसापुरती लस बनवायची, यात आठवडे जातात. पसरलेल्या आजारात तितका वेळ अनेकांकडे नसतो. ऑपरेशनच्या टप्प्यावर खरं तर आजच बरंच काही हातात आहे. ईजीएफआर असेल तर ऑपरेशननंतर तीन वर्षं ओसिमर्टिनिब: पाच वर्षांनी जिवंत ८८ टक्के, न घेणाऱ्यांत ७८. ईजीएफआर आणि एएलके दोन्ही नसतील तर ऑपरेशनआधी केमोसोबत निवोल्युमॅब या इम्युनोथेरपीच्या तीन सायकल: २४ टक्के रुग्णांत काढलेल्या फुप्फुसात जिवंत कॅन्सरच उरला नव्हता, नुसत्या केमोत २.२ टक्के. लशीची वाट बघण्यात हे घालवू नका.

---

काच आणि ब्लॉक

वरची सगळी औषधं बायोप्सीच्या एका तुकड्यावर अवलंबून आहेत, आणि तो तुकडा बहुतेक वेळा जिल्ह्यातच बिघडतो. मुंबईच्या लॅबमधून 'डीएनए अपुरा' असा रिपोर्ट आला की दोष लॅबला दिला जातो. खरं घोडं पेंड खातं ते बायोप्सीच्या खोलीत.

फॉर्मॅलिन १० टक्के न्यूट्रल बफर्डच हवं. ३७ टक्क्यांच्या बाटलीत नळाचं पाणी ओतून केलेलं फॉर्मॅलिन ठेवलं की आम्लधर्मी होत जातं, डीएनए तुटतो, आणि सिक्वेन्सिंगमध्ये सी च्या जागी टी वाचला जाऊन नसलेली म्युटेशनं दिसतात. तुकड्याच्या किमान दहा पट फॉर्मॅलिन, बायोप्सी निघाल्याबरोबर. सलाईनमध्ये टाकून 'संध्याकाळी बघू' हे चालत नाही. फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी ६ तास, ७२ च्या वर नाही. शनिवारी बायोप्सी, सोमवारी सुट्टी, मंगळवारी प्रोसेसिंग, असं झालं की ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) हातचा गेला. म्हणून ठरवून करायची बायोप्सी आठवड्याच्या सुरुवातीला घ्या.

सीटीखाली घेताना १८ गेजच्या सुईने चार-पाच कोअर मागा, आणि जमलं तर ते दोन कॅसेटमध्ये विभागा. एक निदानाला, एक जीनतपासणीला. निदानासाठी टीटीएफ-१ आणि पी४० एवढे दोन मार्कर बहुधा पुरतात. दहा-दहा मार्करचं पॅनल लावून ब्लॉक संपवणं ही आमच्याच मंडळींची खोड आहे, ती सोडायला हवी. ब्लॉक मायक्रोटोमवर परत परत चढवला की दर खेपेला पृष्ठभाग सपाट करताना टिश्यू वाया जातो. तेव्हा पहिल्याच बैठकीत ५ मायक्रॉनचे दहा-बारा कोरे छेद कापून ठेवा. ट्यूमरच्या पेशी किमान २० टक्के आहेत का ते पॅथॉलॉजिस्टने काचेवर घेरा काढून दाखवायचं.

हाडातली गाठ असेल तर नेहमीच्या आम्लाने हाड मऊ करू नका, डीएनए खलास होतो. ईडीटीएने करा, वेळ लागला तरी. छातीतलं पाणी काढलं तर ५० ते १०० मिलि सेल ब्लॉकला (पाण्यातल्या पेशी गोळा करून केलेला ब्लॉक) पाठवा. बहुतेक ठिकाणी ते बेसिनमध्ये जातं, आणि अशक्त रुग्णात तोच एकमेव नमुना असू शकतो. पीडी-एल१ (इम्युनोथेरपी कितपत लागू पडेल याचा अंदाज देणारं प्रथिन) मोजायला किमान १०० जिवंत ट्यूमर पेशी लागतात, हेही फॉर्मवर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

---

वाशिष्ठीकाठ

डॉक्टर, हे सोन्यासारखं आहे. मग लिक्विड बायोप्सीने, म्हणजे रक्तातला ट्यूमरचा डीएनए तपासून, यातला अर्धा त्रास वाचत नाही का? रक्त तर आमच्याकडे कुणीही काढेल.

---

काच आणि ब्लॉक

वाचतो, पण पुरता नाही. साध्या जांभळ्या ईडीटीए नळीत रक्त घेतलं तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि ट्यूमरचा कण त्यात हरवतो. त्यासाठी पेशी टिकवणारी खास नळी मिळते. १० मिलिच्या दोन नळ्या, पूर्ण भरायच्या, आठ-दहा वेळा हलकेच उलट्या-सुलट्या करायच्या, जोरात हलवायच्या नाहीत. ६ ते ३७ अंशांत त्या कित्येक दिवस टिकतात. गोठलेल्या आइसपॅकला चिकटवून पाठवू नका, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत पॅराफिनचा ब्लॉकसुद्धा मऊ पडतो.

म्युटेशन सापडलं तर त्यावर विसंबा. सापडलं नाही तर त्याचा अर्थ 'नाही' असा होत नाही, ट्यूमर रक्तात डीएनए टाकतच नसेल. आणि वर कातळशिल्प यांनी लिहिलेलं स्मॉल सेलचं रूपांतर रक्तात दिसत नाही, त्याला सुईच लागते. ओसिमर्टिनिबवर असताना आजार एकदम झपाट्याने वाढला तर रक्तावर भागवू नका.

---

खाडीपल्याड

ट्रायलचं काम बघते, म्हणून तेवढंच लिहिते.

भारतात होणारी प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून हे सक्तीचं आहे. शोधताना 'लंग कॅन्सर' एवढंच टाकलं तर ढीगभर येतं. जीनचं नाव टाका, मग 'भरती चालू' आहे का बघा, मग महाराष्ट्र आणि गोव्यातली केंद्रं. पानावर केंद्राच्या प्रमुख संशोधकाचा संपर्क असतो. रुग्णाला रात्रीच्या गाडीने पाठवण्याआधी रिपोर्ट पाठवून विचारा. रायगड जिल्ह्यात खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक आहे, सुरुवातीच्या टप्प्यांच्या चाचण्या तिथे होतात. कोकणातून जाणाऱ्याला परळपेक्षा ते जवळ पडतं.

रुग्ण अपात्र का ठरतात ते लिहून घ्या, कारण यातली बरीच कारणं गावातच तयार होतात. आधी कुठलाही उपचार न झालेले रुग्ण हवे असतात आणि कुणीतरी 'तोवर एक केमो देऊन टाकू' म्हणून मोकळं झालेलं असतं. मेंदूचा एमआरआय झालेला नसतो आणि तिथे पोचल्यावर गाठी निघतात. दम लागतो म्हणून प्रेडनिसोलोन चालू असतं: इम्युनोथेरपीच्या बहुतेक चाचण्यांत रोज १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. सीटीवर मोजता येईल अशी किमान १० मिमीची गाठ लागते, लिम्फ नोड असेल तर आखूड बाजूचा व्यास १५ मिमी. एकच मोजण्यासारखी गाठ होती आणि तिला रेडिएशन देऊन झालं, की मोजायला काही उरत नाही. अर्थात श्वासनलिका दाबली जात असेल, रक्त पडत असेल तर रेडिएशन द्यायचंच. ट्रायलसाठी रुग्णाला ताटकळत ठेवणं हा त्याच्या उलटचा गुन्हा.

आणखी एक, ट्रायल असो वा नसो. ईजीएफआर-एएलकेचा रिपोर्ट हाती येईपर्यंत इम्युनोथेरपी सुरू करू नये. आधी ती आणि लगेच पाठोपाठ ओसिमर्टिनिब दिलं तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. थांबणं शक्यच नसेल तर पहिली सायकल नुसत्या केमोची.

नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न असतो, 'आमच्यावर प्रयोग करणार का?' उत्तर हो असंच द्या, आडपडदा नको. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई, संमतीपत्र मराठीत, आणि कधीही बाहेर पडायची मुभा. 'चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का' हा प्रश्न मात्र सही करण्याआधी विचारायला सांगा, लेखी उत्तर मागून.

---

मालवणी फार्मसी

फार्मासिस्ट मंडळींसाठी थोडं.

आपल्याकडे एक्स-रेतल्या छातीच्या सावलीवर आधी एकेटी (टीबीची औषधं) चालू होण्याची शक्यता मोठी. पुढे कॅन्सर निघतो, टीकेआय (जेफिटिनिबसारखी गोळी) सुरू होते, आणि एकेटी 'कोर्स पूर्ण करा' म्हणून चालूच राहते. एकेटीतल्या रिफाम्पिसिनमुळे जेफिटिनिबची रक्तातली मात्रा ८० टक्क्यांहून जास्त उतरते, ओसिमर्टिनिबचीही जवळपास तितकीच. गोळी खातोय पण औषध पोचतच नाही, आणि फाइलवर 'रेझिस्टन्स' लिहिलं जातं. लोरलाटिनिबसोबत (एएलकेची गोळी) तर रिफाम्पिसिन पूर्ण वर्ज्य, यकृताला जबर इजा होते. टीबी खरोखर सिद्ध झालेला असेल तर दोन्ही डॉक्टरांचं बोलणं घडवून आणा, आपण काउंटरवर काही बंद करायचं नाही.

अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलची पट्टी प्रत्येक प्रिस्क्रिप्शनला जोडलेली असते. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, सोटोरासिब यांना पोटात आम्ल लागतं, त्यांचं शोषण घटतं. ओसिमर्टिनिबला फरक पडत नाही. अलेक्टिनिब (हीही एएलकेसाठी) जेवणासोबतच, १५० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल दोन वेळा. आणि परसातलं पपनस: ग्रेपफ्रूटच्याच जातकुळीतलं फळ आहे, यातल्या काही गोळ्यांची मात्रा वाढवू शकतं. गणपतीच्या दिवसांत घरोघरी असतं, तेव्हा विचारून घ्या.

इंजेक्शनं २ ते ८ अंशांत. पावसाळ्यात वीज गेली की फ्रिज किती वेळ तग धरतो ते थर्मामीटर ठेवून एकदा मोजून ठेवा. गोठलेली कुपी वितळवून वापरायची नसते, ती फेकायची. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, नॉर्मल सलाईनमध्ये कधीच नाही. ०.२ मायक्रॉनचा फिल्टर, पहिली बाटली ९० मिनिटांत. हे औषध घेऊन घरी आलेल्याला नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली तर कफ सिरप देऊन परत पाठवू नका. रुग्णाला चालवून ऑक्सिजन मोजा, त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टला फोन. लक्षणं असलेली सूज निघाली तर ते औषध कायमचं बंद होतं आणि स्टिरॉइड लगेच लागतं.

किमतीचं: जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिब, ड्युरव्हॅल्युमॅब आणि ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकान यांवरची कस्टम ड्यूटी गेली. सप्टेंबर २०२५ पासून अलेक्टिनिब, अ‍ॅमिव्हँटमॅब, अ‍ॅटेझोलिझुमॅब अशा काहींवरचा जीएसटी शून्य झाला. कराने किंमत थोडी हलते, पेटंट संपल्यावर खरी पडते. निवोल्युमॅबचं भारतातलं पेटंट मे २०२६ पर्यंतचं, त्यामुळे बायोसिमिलरकडे (इतर कंपन्यांनी बनवलेली तशीच, स्वस्त आवृत्ती) लक्ष ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. एकच शंका. टाटाने २० मिलिग्रॅम निवोल्युमॅबवर काम केलंय ना? मग स्वस्तात तेच फुप्फुसाला का देऊ नये, असं कुणीतरी नक्की विचारणार.

---

कातळशिल्प

विचारतीलच, आणि प्रश्न रास्त आहे. तो अभ्यास डोकं आणि मानेच्या कॅन्सरचा होता: दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, सोबत तोंडाने घ्यायची केमो, वर्षभराने जिवंत ४३.४ टक्के विरुद्ध १६.३. फुप्फुसात ते आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. तिथे पीडी-एल१ किती यावर गणित बदलतं, सोबतची औषधं वेगळी असतात. मात्र या अँटिबॉडींचे मंजूर डोस गरजेपेक्षा मोठे असावेत, ही शंका अनेक देशांत घेतली जाते आणि कमी डोसच्या चाचण्या फुप्फुसातही चालू आहेत. सोटोरासिबमध्ये तर अमेरिकेच्या एफडीएनेच (औषधं मंजूर करणारी संस्था) कंपनीला ९६० आणि २४० मिलिग्रॅम समोरासमोर तपासायला लावलं, फरक फार मोठा निघाला नाही. पूर्ण डोस परवडतच नाही अशा रुग्णाला ऑन्कॉलॉजिस्ट हे सगळं मांडून कमी डोस देतात, तो त्या दोघांनी मिळून घेतलेला निर्णय असतो. ईजीएफआर किंवा एएलके पॉझिटिव्ह असेल तर मात्र हा विषयच काढू नका. तिथे इम्युनोथेरपी कुठल्याही डोसला फारशी चालत नाही, आधी गोळी.